रायफलीचं माप

बाई दुपारच्या झोपेत आहेत याची दारातून दोनदा खात्री करून मास्तरांनी कपाटावरची लांब पेटी खाली उतरवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका रायफलीचं माप घ्यायला बसले.

माणसांची मापं घेण्यात त्यांची हयात गेली होती. रायफल त्या मानानं फारच गुणी गिऱ्हाईक. पोट आत ओढत नाही, मागच्या वेळच्या खांद्यांवरून भांडत नाही आणि उद्याच पाहिजे म्हणून जीव खात नाही. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, दस्त्याच्या टोकापासून नळीच्या टोकापर्यंत नीट ताणून धरली, आकडा वाचला आणि तळहातावर पेनानं लिहून घेतला. मग पेटी होती तशी वर ठेवून दिली. घर त्यांचं, बायको त्यांची, टेपही त्यांचीच. तरी सगळा वेळ त्यांना चोरासारखं वाटत होतं.

लोक त्यांना मास्तर म्हणत ते शिंपी म्हणून. शिकवलं त्यांनी कधी कुणाला काहीच नाही. शिकवायच्या त्या बाई. नेमबाजीच्या क्लबात त्यांनी किती मुली घडवल्या त्याची मोजदाद नव्हती, आणि त्यातल्या काही आता स्वतःच दुसऱ्यांना शिकवत होत्या. शिकवणारीला म्हणायचं बाई आणि न शिकवणाऱ्याला मास्तर, असा या घरातला उलटा कारभार होता. गल्लीतल्या लोकांनी त्यावरून करायचे ते सगळे विनोद करून झाले होते.

बाई पहिल्यांदा दुकानात आल्या त्या नेमबाजीचं जाकीट शिवून घ्यायला. जाड कॅनव्हासचं, खांद्याला नि कोपराला चामडं लावलेलं. मास्तर तेव्हा तरुण होते आणि तरुण शिंप्यांसारखे आगाऊ. म्हणाले, "सरळ उभ्या राहा, हात खाली सोडा."

"हात खाली सोडून मी नेम धरत नाही," बाई म्हणाल्या. "मी उभी राहते तशी मोजा."

आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत, डावा कोपर कंबरेच्या हाडावर टेकवून, मान किंचित झुकवून, हातात नसलेल्या रायफलीमागे त्या उभ्या राहिल्या. माणूस इतकं स्थिर उभं राहू शकतं हे मास्तरांना माहीतच नव्हतं. खांद्याचं माप त्यांनी तीनदा घेतलं. जाकीट छान बसलं. तरी बाई ते एकदा दाखवायला आल्या, मग एकदा काखेत सैल करून घ्यायला आल्या, आणि सैल करण्याजोगं काही उरलं नाही तेव्हा लग्न ठरलं.

बाईंच्या संसारात एकच कायदा होता. बंदूक रिकामी असो, लाकडाची असो, खेळण्यातली असो, तिचं तोंड माणसाकडे वळवायचं नाही. लेक लहान असताना तिनं फूटपट्टी धरून बापाला "ठो" केलं, तर बाईंनी ती पट्टी जप्त केली. पोरीनं पुढचा आठवडाभर भूमितीच्या आकृत्या वहीच्या कडेनं काढल्या, पण पट्टी परत मिळाली नाही. रायफल घरी यायची ती रिकामी होऊन, आणि काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. यात कधी खंड पडला नव्हता.

म्हणून त्या दिवशीची गोष्ट मास्तरांच्या काळजात रुतून बसली होती. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मास्तर जेवायला म्हणून आत आले, तर बाई टेबलाशी उभ्या होत्या. काडतुसांचा डबा उघडा. रायफल हातात, ज्याच्यावाचून गोळी सुटत नाही तो बोल्ट लावलेला, आणि नळी सरळ दाराकडे, म्हणजे मास्तरांकडे.

"कोण आपण?" बाईंनी विचारलं. आवाज सभ्य होता, अनोळखी माणसाशी असतो तसा.

मास्तर दारातच थांबले. पण जिभेनं कशी कोण जाणे वाट काढली. "माप द्यायला आलोय," ते म्हणाले.

"दुकान पुढच्या बाजूला आहे. इकडून कसे आलात?" बाईंनी रायफल टेबलावर ठेवली, नळी भिंतीकडे करून. "असू दे. आलात तसे बसा."

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले. गिऱ्हाईक बसतं तसे, गुडघ्यांवर हात ठेवून. थोड्या वेळानं बाई वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, असे काय पाहुण्यासारखे बसलात? पानं घेऊ ना?"

डॉक्टरांनी त्या आजाराला एक नाव दिलं होतं. मास्तरांनी ते नाव दवाखान्याच्या पायरीवरच ठेवलं होतं. घरात ते नुसतं "विसरायला होतं हल्ली" एवढंच म्हणत. पण त्या दिवसानंतर रात्री त्यांचा डोळा लागेना. बाईंनी कूस बदलली तरी ते उठून बसत.

लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली, आणि मग रडता रडताच व्यवहाराचं बोलली. "बाबा, रायफल क्लबला देऊन टाका."

"मग तुझ्या आईचं आणखी काय काय देऊन टाकू, तेही सांग," मास्तर म्हणाले. ते लेकीवर कधी चढ्या आवाजात बोलत नसत, पण बोलले. "रविवारी ती रायफल पुसायला बसते ना, तेवढा वेळ तिला सगळं आठवतं. रायफल आठवते, मी आठवतो, तू आठवतेस. ती पुसून ठेवली की पुन्हा धुकं. तेवढा रविवार तिच्याकडून काढून घेऊ?"

लेकीनं नाक पुसलं. मग म्हणाली, "तर मग तिजोरी घ्या. चांगली, भिंतीत ठोकायची. आईला उघडता येणार नाही अशी."

बोलायला काय जातं! आईला उघडता न येणारी तिजोरी आणायची, आणि आणायची ती आईला कळू न देता, की बाई गं, तुझ्या हाताचा आता मला भरवसा नाही. ज्या हाताच्या भरवशावर मुली जिंकून आल्या, त्या हाताचा. मास्तरांनी चार दिवस विचार केला आणि एक थाप शोधून काढली. शिंप्याला कापड शिवता येतं, थाप शिवता येत नाही. पण करतात काय.

"सुट्टीत नात यायचीय म्हणे," सकाळी चहा पिताना ते म्हणाले. "लहान पोर घरात. रायफल अशी कपाटावर बरी नाही. तिजोरी घेऊ या का एक?"

बाईंनी बशी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे जरा वेळ बघितलं. "घेऊ या की," त्या म्हणाल्या. "बघायला मी पण येणार. नाहीतर तुम्ही दागिन्यांची डबी घेऊन याल."

मास्तरांना हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची शरमही वाटली. कारण नात काही लहान राहिलेली नव्हती. आजोबांच्या डोक्यावरून बघेल एवढी उंच झाली होती. हे बाईंच्या लक्षात नसणार, याच हिशेबावर त्यांनी थाप मारली होती. तिच्या आजाराचा आपण असा फायदा घेतला, हे त्यांना दिवसभर टोचत राहिलं.

तिजोऱ्यांचं दुकान मोठं होतं आणि दुकानदार बोलका. गिऱ्हाईक जोडप्यानं आलं की तिजोरी पुरुषाला दाखवायची आणि रंग बाईला विचारायचा, अशी त्याची पद्धत. त्यानं मास्तरांना हाताला धरून एका उभ्या, चकचकीत कपाटापाशी नेलं. "साहेब, बंदुकीसाठी हीच. आत मखमल, बाहेर रंग दोन. ताई, तुम्हाला हिरवा आवडेल की करडा?"

बाईंनी दार उघडलं, पत्र्यावर नखानं टिचकी मारली आणि आवाज ऐकला. "हा डबा आहे," त्या म्हणाल्या. "यात पीठ ठेवा."

दुकानदार हसला, पण जरा सावरून उभा राहिला.

"बिजागऱ्या बाहेर आहेत. त्या कापल्या की दार हातात. आतल्या बिजागऱ्यांची दाखवा. दाराला कड्या किती बाजूंनी बसतात? एकाच बाजूनं? मग नको. मागून भिंतीत ठोकायला भोकं आहेत का? आणि काडतुसांचा कप्पा वेगळा पाहिजे, त्याचं कुलूप वेगळं."

मास्तर मागे उभे राहून बघत होते. सकाळी याच बाईंनी चहात साखर घातली का नाही हे तीनदा विचारलं होतं. आणि आता दुकानदाराची अशी उलटतपासणी चालली होती की बिचारा घाम पुसत एकेक दार उघडून दाखवत होता. मास्तरांना वाटलं, हिला असंच रोज इथं घेऊन यावं, नुसतं बघायला. छाती भरून आली त्यांची, आणि डोळेही.

शेवटी एक तिजोरी बाईंच्या पसंतीला उतरली. करडी, साधी, मखमलीचा ताठा नसलेली. प्रश्न उरला कुलपाचा, आणि सगळी मेख कुलपातच होती.

"तीन प्रकार आहेत," दुकानदार म्हणाला, आता सरळ बाईंशीच. "किल्ली, नंबर आणि बोटाचा ठसा. माझं ऐकाल तर ठसा घ्या. दोघांचीही बोटं नोंदवून देतो, कुणीही उघडा."

"किल्ली बरी," मास्तर घाईनं म्हणाले.

"किल्ली कसली बरी?" बाई म्हणाल्या. "तुम्ही लपवलेली वस्तू मला सापडली नाही असं आजवर झालंय? बिस्किटांचा पुडा पाटलोणीच्या कापडात ठेवला होतात, तो सापडला. किल्ली नको."

"मग ठसा..." दुकानदार म्हणाला.

"ठसाही नको. माणूस गाढ झोपला की त्याचं बोट उचलून लावता येतं. नंबरच द्या. आणि त्याच्याबरोबर अडीअडचणीची किल्ली येते ना, ती आम्ही लेकीकडे पाठवणार. घरात नको."

आकड्यांच्या बाबतीत बाईंची बुद्धी अजून शाबूत होती. कालचं जेवण आठवत नसे, पण कोणत्या मुलीनं कोणत्या सामन्यात किती गुण घेतले ते घडाघडा सांगत. नंबरचं कुलूप म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या. पण काय सांगून नाही म्हणणार? त्यांनी होकाराची मान डोलावली.

"रायफलीची लांबी?" दुकानदारानं विचारलं. मास्तरांनी तळहातावरून आकडा सांगितला. दुकानदारानं तिजोरीच्या आतली उंची पाहिली. "बरोब्बर. वर बोटभर जागा राहते."

"याहून मोठी घ्या," बाई म्हणाल्या.

"कशाला? मोठी खिडकीच्या आड येईल."

"मी सांगते म्हणून. मार्जिन असू द्यावं."

आता मात्र मास्तरांचा शिंपी जागा झाला. "मला मार्जिन शिकवतेस? कापडाला ठेवतात मार्जिन, कारण माणसाचं पोट सुटतं. रायफल काय बाळंतपणाला माहेरी जाणार आहे? मापात माप. माझं माप आजवर चुकलेलं नाही."

बाईंनी पुन्हा एकदा नवऱ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. तुमचं माप."

तिजोरी आली, माणसांनी ती धापा टाकत झोपायच्या खोलीत नेली, भिंतीत भोकं पाडून पक्की ठोकली आणि चहा पिऊन गेली. मास्तरांनी पेटीतून रायफल काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती तिजोरीत उभी केली. नळी वरच्या पत्र्याला टेकली आणि दस्ता अजून बाहेरच. त्यांनी रायफल तिरकी करून बघितली, पण कप्प्यामुळे तीही सोय नव्हती. रायफल काही केल्या आत जाईना.

मास्तरांनी टेप काढली. पुन्हा मोजली: तळहातावर लिहिला होता तोच आकडा. मग तिजोरी आतून मोजली, तर ती दुकानदारानं सांगितल्यापेक्षा आखूड. "फसवलं! धादांत फसवलं मेल्यानं! आत्ता जातो आणि..."

बाई खाटेवर बसल्या आणि हसायला लागल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कितीतरी महिन्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या. मास्तर टेप हातात धरून बावळटासारखे उभे.

"दुकानदाराला कशाला शिव्या देता? टेप लांबलीय तुमची," हसू आवरत बाई म्हणाल्या.

"काय?"

"तुमच्या वस्तादांची टेप ना ही? त्यांनी आयुष्यभर ताणली, मग तुम्ही ताणलीत. कापडच ते, लांबायचंच. तुमचा इंच सगळ्या जगाच्या इंचाहून मोठा आहे, मास्तर."

मास्तर टेपेकडे बघत राहिले. ह्याच टेपेनं माप घ्यायचं, ह्याच टेपेनं कापड कापायचं; मग चूक दिसणार कुठून? पाटलोणींना लावायच्या तयार चेनी मात्र नेहमी आखूड पडत. त्याचं खापर त्यांनी जन्मभर चेनवाल्यावर फोडलं होतं. बिचारा चेनवाला खपला त्यालाही काळ लोटला.

"तुला कधी कळलं?"

"लग्नानंतर लगेच." बाईंनी रायफल मांडीवर आडवी घेतली आणि दस्त्याच्या टोकावरून हात फिरवला. "ही घेतली तेव्हा दस्ता मला आखूड होता. तुम्ही माझ्या हाताचं माप घेऊन सुताराला दिलंत, त्यानं तेवढी लाकडी पट्टी लावली, तरी आखूडच. मी गुपचूप जाऊन आणखी एक लावून आणली. तेव्हाच कळलं."

"आणि एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही शिवलेलं कुणाला बसत नव्हतं का? सगळ्यांना तर बसत होतं. मग कशाला बोलू?" मग त्या शांतपणे म्हणाल्या, "पेचकस द्या."

त्यांनी दस्त्याच्या टोकाचे स्क्रू सोडवले. ज्या बोटांना हल्ली गाऊनचं बटण सापडत नसे, ती बोटं इथं एकदाही अडली नाहीत. रबरी टोक निघालं, मग एक पट्टी, मग दुसरी. रायफल उचलून त्यांनी तिजोरीत उभी केली. बसली. मग त्यांनी ती परत बाहेर घेतली, बोल्ट मागे ओढून पूर्ण काढला आणि मास्तरांच्या तळहातावर, पुसट झालेल्या आकड्यावर ठेवला. पोलादाचा तो तुकडा चांगलाच जड लागला.

"हा तुमच्याकडे. दुकानात ठेवा, मला न सांगता. काडतुसं क्लबला देऊन या. रविवारी रायफल पुसायला काढून द्या, बिनबोल्टाची. बोल्ट नसला तरी नळी पुसता येते."

मास्तरांनी बोल्टावर मूठ मिटली.

"नात पुढच्या वर्षी कॉलेजात जाईल, मास्तर," बाई म्हणाल्या. "लहान पोर म्हणे! माप चुकलं ते टेपेमुळे. खोटं बोललात ते मात्र माझ्यामुळे. मला राग नाही आला. वाईट वाटलं थोडं. तुम्हाला एकट्याला भीत बसावं लागलं म्हणून."

"तुला आठवतंय त्या दिवशीचं?"

"तुम्ही खुर्चीवर टोकाला बसलेले आठवताय. त्याच्या आधीचं काही नाही. पण मागाहून मी बोल्ट ओढला तेव्हा आतून काडतूस पडलं. ते मी बघितलं." बाईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तुमच्याकडे वळली होती का नळी?"

मास्तरांनी आयुष्यात एवढी अवघड शिवण घातली नव्हती. खोटं एकदा बोलून झालं होतं, आणि ते पकडलं गेलं होतं. "हो," ते म्हणाले.

बाई रडल्या. मास्तरांनी त्यांना जवळ घेतलं आणि तेही रडले, आणि दोघांच्याही मनावरचं ओझं थोडं उतरलं. म्हातारपणी एकत्र रडण्याचा एक फायदा असतो: कुणी कुणाला समजावत बसत नाही.

मग बाईंनी डोळे पुसले. "चला, नंबर घाला. माझ्या वाढदिवसाचा नको, लग्नाचा नको, लेकीचा, नातीचा नको. ते मी शेवटपर्यंत विसरायची नाही. मला कधीच माहीत नव्हता असा घाला." आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, कानांवर हात ठेवून, कारण बटणं दाबली की पीं पीं वाजत.

मास्तरांनी बोट पुढे केलं आणि तिथंच थांबले. जो आकडा मनात येई तो बाईंचाच निघे. खांद्याचा, बाहीचा, त्यांच्या सगळ्यात चांगल्या सामन्याचा, पहिल्या भाड्याच्या घराचा. बाईंशी ज्याचा संबंध नाही असा आकडाच डोक्यात नव्हता. बराच वेळ गेला. शेवटी एक सापडला. कुठला ते इथंही सांगत नाही. या घरातली गोष्ट बाईंपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

"झालं," ते म्हणाले.

बाई वळल्या, आणि एकदम त्यांच्या चेहऱ्यावर क्लबातला तो भाव आला, मुलींना रांगेत उभं करताना असायचा तो. "आता सराव."

"कसला?"

"एक दिवस मी तुमच्याकडे नंबर मागेन. गोड बोलेन, हात जोडेन, शिव्या देईन. तुम्ही द्यायचा नाही. तुम्हाला जमायचं नाही ते, मी ओळखून आहे. मला कधी कशाला नाही म्हणालाय? म्हणून सराव. उभे राहा नीट." त्या समोर आल्या. "अहो, नंबर सांगा ना."

"अगं, पण कशाला..."

"चूक. कारण विचारलंत की मी कारण देणार. पुन्हा. अहो, नंबर सांगा."

"नाही सांगणार!" मास्तर ओरडले.

"तेही चूक. चाप हिसकायचा नसतो, हळू दाबायचा असतो. अर्धा श्वास सोडा, थांबा, मग बोला. माझ्याकडे बघून. पुन्हा." आणि या वेळी बाईंनी खरंच हात जोडले, आवाज रडवेला केला. "पाया पडते तुमच्या. माझी वस्तू आहे ती. सांगा नंबर."

मास्तरांनी अर्धा श्वास सोडला. "नाही, बाई," ते हळूच म्हणाले.

"छान," बाई म्हणाल्या. "रोज करायचं."

आणि रोज केलं. कधी चहा उकळताना, कधी मास्तर काज करत असताना बाई मध्येच हाक मारत, "नंबर?" आणि ते सुईवरून मान वर करून म्हणत, "नाही, बाई." मग दोघं हसत. गल्लीतल्यांना वाटे, म्हाताऱ्यांचं काहीतरी नवीन खूळ. रविवारी रायफल बाहेर येई, बाई ती पुसत, मास्तर शेजारी बसत, लेकीला फोन लागे, आणि ती तिजोरी बंद होताना बाई आपणहून भिंतीकडे वळत.

मग सरावाला हाक मारायचं बाई विसरू लागल्या. मास्तर वाट बघत. आठवण करून द्यावीशी वाटे, पण देत नसत.

एका संध्याकाळी दुकानात ते शिलाईला बसले असताना बाई आतून आल्या. केस मोकळे, पायांत एकच चप्पल. "माझी रायफल कपाटात कोंडलीय कुणीतरी," त्या म्हणाल्या. "उद्या सामना आहे. मुली थांबल्यात. तुम्ही इथले दिसता, तुम्हाला नंबर माहीत असेल. सांगा ना."

मास्तरांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं हसू नव्हतं. सराव नव्हता हा.

त्यांनी मशीन थांबवलं. अर्धा श्वास सोडला. "नाही, बाई."

"पाया पडते तुमच्या." बाईंनी हात जोडले.

नंबर मास्तरांच्या अगदी जिभेवर आला होता. तिजोरीत बोल्ट नव्हता, घरात एक काडतूस नव्हतं; दिला असता तरी काय बिघडणार होतं, असं मन म्हणत होतं. तिला हातात रायफल मिळाली असती, थोडं बरं वाटलं असतं. पण तिनं हे शिकवलेलं नव्हतं. तिनं शिकवलं होतं ते एकच.

"नाही, बाई," ते पुन्हा म्हणाले, हळू.

बाईंनी त्यांना चोर म्हटलं, दुष्ट म्हटलं, आणखी बरंच काही म्हटलं जे त्यांनी उभ्या जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. मग दमून त्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या आणि लहान मुलीसारखं रडू लागल्या. मास्तर उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले. बाईंनी अंग चोरून घेतलं, पण उठल्या नाहीत.

"थांबा तुम्ही," हुंदके देत त्या म्हणाल्या. "माझे यजमान येऊ देत. ते मला कशालाच नाही म्हणत नाहीत."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले.